मेंढा, म्हैस आणि मागचा माणूस

माणिकराव गिरदावरांच्या ओसरीवर शुक्रवारी दुपारी दोन नव्याकोऱ्या सायकली उतरल्या आणि त्यातली कोणती ठेवायची हे ठरवायला त्यांना पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मिळाली. सायकली पाठवल्या होत्या हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलानं, करणनं. त्याच्या मित्राचं तिथं सायकलींचं दुकान होतं. दोन्ही चालवून बघा, एक ठेवा, दुसरी रविवारी येणाऱ्या गाडीत चढवून द्या, असा सरळ मामला होता. पण माणिकरावांच्या हाती आलेला कोणताही मामला सरळ राहत नसे.

रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी आदिलाबादजवळच्या मावल्यात त्यांना सगळे गिरदावरसाहेबच म्हणत. महसूल खात्यात तीस वर्षं गिरदावरी करताना त्यांनी आदिलाबादपासून उटनूरपर्यंत शिवारं मोजली, हद्दीचे दगड रोवले आणि बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांचे पंचनामे केले. ती सवय घरातही सुटली नाही. मिक्सर बिघडला तर ते आधी त्याचा मुआयना, म्हणजे पाहणी, करत, मग ताव काढून ‘आम्ही खालील पंच लिहून देतो की’ अशी सुरुवात करत, आणि तोवर त्यांची बायको देवकाबाई मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आलेल्या असत.

मागच्या जानेवारीत मात्र पंचनाम्यात न बसणारी गोष्ट घडली. कापसाच्या बाजारात उभ्या उभ्या त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गाडीच्या चाकापाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. हैदराबादला नेलं, स्टेंट बसला, जीव वाचला. त्या दिवसापासून घराबाहेर एकट्यानं पाऊल टाकायची त्यांना बंदी झाली. दाढी करायला जायचं तरी शेजारचे उत्तमराव सोबत. ज्या माणसानं निम्मा जिल्हा एकट्यानं पालथा घातला, त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसायला सोबत लागावी याचं त्यांना फार वाईट वाटे. कधी कधी तर डोळ्यांत पाणी येई, आणि न्हावी समजे साबण गेला.

डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा माणिकरावांनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. देवकाबाईंनी बऱ्याच दिवसांनी होकार दिला, पण अटीवर.

“पडले, नाई त दम लागला, नाई त रस्ता चुकले, त दोनी सायकली वापस,” त्या म्हणाल्या. “मंग गच्चीवर माह्या मागं मागं फिरा.”

माणिकरावांनी ती अट कागदावर उतरवली, खाली दस्तखत केले आणि कागद देवघरात ठेवला. पडणार कोण? रस्ता चुकणार कोण? हा रस्ता त्यांनी स्वतः मोजला होता.

सायकलींबद्दल करणनं फोनवर बरंच समजावलं. एक ग्रॅव्हल बाइक. बारीक टायरची, हलकी, डांबरावर पळणारी आणि मुरुमावरही न अडणारी. तिचं हँडल खाली वळलेलं. दुसरी हार्डटेल. तिचे टायर रुंद आणि गाठीगाठींचे, पुढच्या चाकाला झटके खाणारं सस्पेन्शन. दगडधोंड्यांत सुखाची, पण अंगानं जड. बाबांचा रस्ता निम्मा असा आणि निम्मा तसा, म्हणूनच ठरत नाही, असं तो म्हणाला. देवकाबाईंनी दोन्ही सायकलींना एक फेरी मारली. एकीची शिंगं बघितली, दुसरीचं पुढचं चाक दाबून बघितलं.

“हा मेंढा अन् हे म्हैस,” त्यांनी सांगितलं आणि त्या आत गेल्या. पुढं घरात तीच नावं चालली.

माणिकरावांनी नवी वही काढली. डांबरी, मुरूम, काळी माती, नाला, असे रकाने पाडले. कार्यालयातून निघताना बरोबर आलेली जांभळ्या शाईची बाटली कपाटातून बाहेर काढली आणि दोन्ही सायकलींच्या टायरांना शाई लावून त्यांचे ठसे कागदावर घेतले. याला ते अंगठे घेणं म्हणत. माणसाचा असो, टायरचा असो, अंगठा खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. एक दिवस म्हैस, एक दिवस मेंढा, असा क्रम ठरला. जी घरी राहील ती ओसरीवर साखळीनं बांधायची आणि किल्ली देवघरात ठेवायची.

शनिवारी पहाटे ते म्हैस घेऊन निघाले. डिसेंबरात आमच्या आदिलाबादेत धुकं असं उतरतं की समोरच्या दारातला माणूस खोकल्यावरून ओळखावा लागतो. तीन किलोमीटर डांबरी रस्ता झाला, शेवटी बयनाबाईची खोपडी आली. बयनाबाई कापसाची राखण करायची आणि दारात शेकोटी पेटवून बसायची. तिथून सागाच्या रानातला मुरमाचा रस्ता सुरू होतो, मग मोहाचं मोठं झाड, मग काळ्या रानातली वाट, मग गोट्यांचा नाला आणि नाल्यापलीकडे हद्दीचा दगड. त्या दगडावर दहा मिनिटं बसून नाडी मोजायची आणि परत फिरायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

सागाच्या रानात थोडा उतार लागला. माणिकरावांनी पायडल मारणं थांबवलं, आणि त्यांच्या पाठीशी कोणीतरी टर्रर्र असा आवाज केला. त्यांनी मान वळवली. मागं पांढरं धुकं आणि सागाची काळी खोडं, दुसरं काही नाही. ते जोरात पायडल मारू लागले, तसा आवाज बंद झाला. सुटलो म्हणून त्यांनी पाय थांबवला तर टर्रर्र, अगदी कमरेपाशी. हद्दीच्या दगडापर्यंत ते ज्या वेगानं पोचले तो डॉक्टरांना आवडला नसता.

घरी येऊन त्यांनी सहज विचारतो असं दाखवून करणला फोन केला. करण खूप हसला. महागड्या सायकलींच्या मागच्या चाकाचा तो आवाज असतो, पायडल थांबलं की येतो. मेंढ्याचा बारीक टिकटिक असा, म्हशीचा जाड टर्रर्र असा. माणिकरावांनी वहीत लिहिलं: ‘आवाज स्वतःचाच. भिण्याचे कारण नाही.’

रविवारी मेंढा. डांबरावर तो असा पळाला की माणिकरावांना आपण पुन्हा चाळिशीत आल्यासारखं वाटलं, आणि नाल्यातल्या गोट्यांवर असा उडाला की वरची कवळी तिथंच राहता राहता वाचली. परत आल्यावर चहा उशिरा मिळाला. तेही त्यांनी वहीत लिहिलं, कारण ते सगळंच लिहीत.

सोमवारी परत म्हैस. सागाच्या रानात त्यांनी पाय थांबवला, टर्रर्र झालं, आणि ते हसले. मग सहज म्हणून ब्रेक लावून उभे राहिले. त्यांची सायकल गप्प झाली. पण मागं धुक्यात एक आवाज आणखी दोन क्षण चालू राहिला. बारीक, टिकटिक टिकटिक, आणि मग तोही थांबला.

माणिकराव बराच वेळ तसेच उभे होते. सागाच्या पानांवरून दव टपटप गळत होतं. म्हशीचा आवाज जाड, हे करणनंच सांगितलं होतं. मग हा मेंढ्याचा आवाज कोणाचा? मेंढा तर घरी साखळीनं बांधलेला.

परतताना उजाडलं होतं. ओल्या मुरमावर त्यांच्या म्हशीचा रुंद ठसा दिसत होता आणि त्याच्याच अंगावरून एक बारीक ठसा गेला होता. मोहाच्या झाडापर्यंत तो त्यांच्यामागे आला होता, तिथं अर्धं वर्तुळ घेऊन परत फिरला होता. माणिकरावांनी खिशातून कागद काढला, उकिडवे बसले आणि अंगठा ताडून बघितला. मधली सलग रेघ, दोन्ही बाजूला तिरपे दाणे. मेंढा. तीस वर्षांत त्यांनी हजारो अंगठे ताडले होते, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

घरी मेंढा जागच्या जागी होता. साखळी होती, कुलूप होतं, टायर लख्ख पुसलेले होते. माणिकरावांनी घाबरत त्याच्या सीटवर हात ठेवला. बाहेर दात वाजत होते, आणि सीट गरम होती.

“हे सीट गरम काऊन हाये?” त्यांनी आत विचारलं.

“मांजर बसली असंल,” देवकाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत होते आणि त्या मोहरीचं तेल चोळत होत्या.

मांजराचा खुलासा सीटपुरता ठीक होता. पण मांजराला टायर नसतात. त्या दुपारी माणिकरावांच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. दोघींतली एक परत जाणार हे सायकलींनाही कळलं असावं. म्हणून जिला घरी ठेवावं ती मागं येत होती.

हा विचार शहाण्या माणसाचा नाही हे त्यांनाही कळत होतं. म्हणून मंगळवारी ते पाळीप्रमाणे मेंढा घेऊन निघाले आणि रानात मुद्दाम थांबून त्यांनी कान दिले. मागून आवाज आला तो जाड, टर्रर्र. म्हैस आली होती. माणिकरावांनी मारुतीचं नाव घेत उरलेला रस्ता कापला, दगडावर बसून नाडी मोजली, ती दोनदा चुकली, आणि परत फिरले. बयनाबाईच्या खोपडीपाशी आले तशी बयनाबाई शेकोटीवरून उठून उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली.

“साहेब, तुमी त आत्ताच गेलते ना वापस,” ती म्हणाली. “आता अजून कुटून आले?”

“मी?”

“तुमीच. लाल माकडटोपी, भुरं सेटर, आपिसातला काळा पँट. म्या रामराम केला त बोलले बी नाई.”

माणिकरावांच्या अंगावर करणनं पाठवलेलं निळं जॅकेट होतं आणि डोक्यावर हेल्मेट. लाल माकडटोपी, भुरं स्वेटर आणि काळी पँट त्यांनी शेवटची घातली होती ती जानेवारीत, कापसाच्या बाजारात खाली बसले त्या दिवशी. दवाखान्यातून आल्यावर देवकाबाईंनी ते कपडे धुऊन पत्र्याच्या पेटीत टाकले आणि कुलूप लावलं. ते कपडे आता तुमच्या अंगाला लावायचे नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला असे.

घरी त्या दिवशीही चहा उशिरा झाला. माणिकरावांनी तो घेतला आणि वहीत लिहिला.

बुधवारी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हशीवरून नाला ओलांडून ते दगडापाशी पोचले आणि वळून बघितलं. सूर्य मोहाच्या झाडामागं आला होता आणि धुकं पातळ झालं होतं. झाडाखाली मेंढा उभा होता आणि मेंढ्यावर माणिकराव बसले होते. लाल टोपी नाकापर्यंत ओढलेली, भुरं स्वेटर, काळी पँट, एक पाय जमिनीवर. ते काही करत नव्हते. नुसते इकडं बघत होते. मग त्यांनी सायकल वळवली आणि धुक्यात निघून गेले, टिकटिक टिकटिक करत.

नाडी एकशे अठरा. ही नोंद वहीत आहे, अक्षर तेवढं वाकडं आहे.

दुपारी माणिकराव पडून राहिले, पण डोळा लागला नाही. हैदराबादला टेबलावर घेतलं तेव्हा आपल्यातला एक जण निघून गेला असेल, असं त्यांना वाटू लागलं. डॉक्टर म्हणाले होते, दोन मिनिटं काही खरं नव्हतं. त्या दोन मिनिटांत जो गेला तो आपल्याच कपड्यांत गेला, आणि आता एकेक दिवस करत मागून येत आहे. आज मोहाच्या झाडापर्यंत आला, उद्या नाला ओलांडील. त्यांना मरणाची भीती वाटली, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगितलं तर सायकली परत, आणि जन्मभर गच्ची. नाही सांगितलं तर तो गाठणार. भुताच्या हाती सापडणं आणि उत्तमरावांबरोबर न्हाव्याकडे जाणं, यात जास्त वाईट काय हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी मेंढ्यात हवा भरून ठेवली.

गुरुवारचं धुकं मात्र कापसाच्या गंजीत शिरल्यासारखं होतं. हाताचं बोट दिसेना. परतताना माणिकराव मोहाच्या झाडापाशी आले, पुढं गेले, आणि थोड्या वेळानं परत मोहाच्या झाडापाशी आले. ते उजवीकडून गेले, तरी तेच झाड. डावीकडून गेले, तेच झाड. आमच्याकडं याला चकवा लागणं म्हणतात. चकवा लागला की माणूस ओळखीच्या शिवारात रात्रभर गोल गोल फिरतो, आणि आमच्याकडं चकव्यावर हसणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ज्यानं हे शिवार मोजणीची साखळी, जरीब, टाकून मोजलं तो गिरदावर झाडाला टेकून उभा राहिला. त्याला हाक मारायची लाज वाटत होती.

तेवढ्यात टर्रर्र असा आवाज आला. म्हशीचा. पण आज मागून नाही, पुढून. जरा वेळ थांबला, परत आला. कोणी वाट बघत थांबावं तसा. माणिकरावांनी विचार केला, नेणाराच असेल तर निदान रस्ता माहीत असलेला तरी आहे. ते आवाजामागं निघाले. ते थांबले की आवाज थांबे, ते चालू लागले की आवाज पुढं सरके. बऱ्याच वेळानं चाकाखालचा मुरूम संपला आणि डांबर लागलं. समोर बयनाबाईची शेकोटी दिसली तेव्हा माणिकराव तिच्यापाशी मटकन बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

वहीत त्यांनी लिहिलं: ‘प्रवास सुखरूप. चहा फार उशिरा.’ रस्ता चुकल्याचा रकानाच नव्हता, तेव्हा ते खोटंही नव्हतं.

रात्री त्यांच्यातला गिरदावर जागा झाला. तीस वर्षांत कोणी म्हणालं, मी तिथं नव्हतो, तर त्यांनी एकच केलं होतं. भूत असो की माणूस, त्याचा अंगठा घ्यायचा. शुक्रवारी पहाटे निघण्याआधी त्यांनी जांभळी शाई मेंढ्याच्या दोन्ही शिंगांवर चांगली चोपडली. हँडलला गुंडाळलेल्या काळ्या पट्टीवर ती दिसत नव्हती. मग ते म्हैस घेऊन निघाले. रानात टिकटिक आली. ते थांबले नाहीत, वळले नाहीत, दगडावर दहा मिनिटं डोळे मिटून बसले आणि परतले.

मेंढा ओसरीवर होता, बांधलेला आणि पुसलेला. माणिकरावांनी चष्मा लावला. दोन्ही शिंगांवरची शाई फिसकटली होती आणि पट्टीवर बोटांच्या जागा उमटल्या होत्या. म्हणजे त्याला हात होते. ही माहिती दिलासा देणारी आहे की नाही हे त्यांना कळेना. ते पाय ओढत आत गेले आणि पाटावर बसले. देवकाबाईंनी ताटात ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला.

माणिकरावांनी भाकर मोडायला हात घातला आणि तो तसाच राहिला. पांढऱ्या भाकरीच्या कडेला एक जांभळा अंगठा उमटला होता.

तो घरात आला होता. चुलीपर्यंत आला होता. त्यांनी ताट उजेडाकडं सरकवलं आणि सवयीनं अंगठा वाचला. गोल चक्र, आणि चक्रातून आडवी गेलेली एक पांढरी रेघ. विळ्यानं कापलं की अशी रेघ राहते. हा अंगठा त्यांनी कुठंतरी पाहिला होता. पण कुठल्या कागदावर नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की पस्तीस वर्षं हा अंगठा त्यांना रोज वाढत होता. त्यांनी वर बघितलं. देवकाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

“दाव,” माणिकराव म्हणाले.

देवकाबाईंनी हात पुढं केले. दोन्ही तळवे जांभळे झाले होते.

“तीनदा धुतले,” त्या म्हणाल्या. “कायची शाई हाये हे? जाऊनच नाई राह्यली.”

माणिकरावांनी इतकंच विचारलं की सायकल कधीपासून येते. लग्नाआधीपासून, असं उत्तर आलं. माहेरी वांगी-टमाट्याचा मळा होता आणि त्या मागं मोठी टोपली बांधून सायकलनं बाजारात जात. तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. गुडघे जिना चढायला दुखतात, पायडल मारायला नाही. लुगड्यात मेंढ्यावर बसता येईना म्हणून पेटीतले कपडे काढले. दुसरे घेतले असते तर तुम्ही शोधले असते. तुम्ही वळण घेतलं की मी कुलूप काढायची, तुम्ही दगडावर नाडी मोजत बसले की परत फिरायची. मेंढ्यावर लवकर होतं, म्हशीवर उशीर होतो.

“तुमच्या वहीतच लिवलं हाये,” त्या म्हणाल्या. “जवा जवा म्हैस घरी, तवा तवा चहा उशिरा. एवढे मोटे गिरदावर, अन् तुमाले कळलं नाई.”

माणिकरावांनी वही उघडून बघितली. रविवार, मंगळवार, गुरुवार. पुरावा त्यांच्याच अक्षरात होता. मग त्यांना राग आला, खराखुरा. अकरा महिन्यांनी मी एकटा बाहेर पडलो म्हणून छाती काढून फिरत होतो, आणि एकही दिवस एकटा नव्हतो. त्यांनी ते बोलून दाखवलं. त्यांचा आवाज चढला आणि शेवटी फुटला.

देवकाबाई परातीतलं पीठ गोळा करत म्हणाल्या, “गुरुवारी चकवा लागला तवा बाहेर कोनं काढलं?”

माणिकराव चमकून उभे राहिले. म्हणजे ती त्या दिवशी परत न फिरता झाडापाशीच थांबली होती, आणि मेंढ्याच्या टिकटिकीवरून तिला सारं कळलं होतं. झाडाभोवतीच्या फेऱ्या, टेकून उभं राहणं, सगळं. देवघरात त्यांच्याच दस्तखतांचा कागद होता. रस्ता चुकले तर दोन्ही सायकली परत. काल घरी येऊन तिनं तो कागद काढला असता तर सगळा मामला तिथंच मिटला असता.

“मंग काल बोलली काऊन नाई?”

“मी काईच पायलं नाई,” देवकाबाई म्हणाल्या. “लय धुई होती.”

त्यांनी ती शाई लागलेली भाकर गाईसाठी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. थोड्या वेळानं, पाठमोऱ्याच, त्यांनी सांगितलं की उद्यापासून एकटे जा. मी येत नाही. बाजारातून लोकांनी तुम्हाला उचलून आणलं तेव्हा मी घरी कापूस निवडत बसले होते, तेवढं पुन्हा होऊ नये म्हणून येत होते. पण आता तुमचं तुम्ही बघा. माणिकरावांनी ते जिंकल्यासारखं ऐकून घेतलं.

शनिवारी ते खरोखर एकटे निघाले. पाळी मेंढ्याची होती, पण त्यांनी म्हैसच घेतली. धुकं होतं, हवं होतं ते सगळं होतं. बयनाबाईनं शेकोटीवरून मान वर केली.

“आज ते दुसरे साहेब नाई काय?”

“नाई,” माणिकराव ऐटीत म्हणाले.

सागाच्या रानात त्यांनी पाय थांबवला. टर्रर्र झालं. ब्रेक लावून ते उभे राहिले आणि त्यांनी कान दिले. दव टपटपत होतं. दूर कुठं तरी मोर ओरडला. मागं काहीच नव्हतं. त्यांनी आणखी जरा वाट बघितली. सोमवारपासून ज्या आवाजानं त्यांच्या अंगावर काटा आणला होता, तो आला नाही, आणि त्या रानात पहिल्यांदा त्यांना खरी भीती वाटली. रिकाम्या रस्त्याकडं बघत ते थोडे उभे राहिले, मग म्हैस वळवून घरी आले. मोहाच्या झाडापर्यंतही गेले नाहीत.

देवकाबाई ओसरीवरच उभ्या होत्या. काळी पँट, भुरं स्वेटर, हातात लाल टोपी.

“भाजी आनाले चालली होती,” त्या म्हणाल्या.

“चाल,” माणिकराव म्हणाले. “मी बी येतो.”

संध्याकाळी करणचा फोन आला. उद्या गाडी येते, कोणती परत पाठवायची ते सांगा. माणिकरावांनी सांगितलं की एकही नाही. करणला वाटलं बाबांना कळलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सगळं समजावलं. टायर, वजन, सस्पेन्शन, सगळं. एका माणसाला दोन कशाला?

“पायजे,” माणिकराव म्हणाले. “मेंढा मागं नसला त म्हैस चालत नाई.”

करणनं विचारलं, हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं?

माणिकरावांनी फोन ठेवला, नवा ताव काढला आणि पंचनामा लिहून पुरा केला. दोन्ही सायकलींचा मुआयना केला, दोन्ही सशक्त आढळल्या, दोन्ही ताब्यात ठेवल्या. मागून येणाऱ्या इसमाबाबत तक्रार नाही. खाली त्यांनी दस्तखत केले आणि पंच म्हणून ताव देवकाबाईंपुढं सरकवला. देवकाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांची सही माणिकरावांच्या सहीपेक्षा चांगली होती. पण शाई अजून गेली नव्हती, तेव्हा त्यांनी अंगठाच दिला.